बुऱ्हाणपूरचं पाणी

नांदुऱ्याहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढे, नागपूर तीनशेच्या पुढे आणि बुऱ्हाणपूर शंभराच्या आसपास. तरी बुऱ्हाणपूरच आम्हाला लांबचं वाटतं, कारण मधे इच्छापूरला राज्य बदलतं. गाड्यांच्या नंबरांची अक्षरं बदलतात, पाट्यांवरची भाषा बदलते आणि आपण परमुलखात शिरलो असं मन ठरवून टाकतं. सतराव्या शतकातल्या वऱ्हाडी माणसाला असं वाटलं नसतं. मुघलांच्या दख्खनचा कारभार तेव्हा बराच काळ बुऱ्हाणपुरातून चाले. वऱ्हाडच्या सुभ्याचं बरंवाईट तापीकाठच्या त्या महालात ठरे. तो महाल आणि तिथली जामा मशीद घरच्या सगळ्यांनी मिळून नीट पाहावी, असं माझ्या फार मनात होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी योग आला.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. मलकापूरहून बुऱ्हाणपूरला त्यांनी गाडी कितीतरी वेळा नेली. पण ड्रायव्हरला शहर दिसतं ते स्टँडपुरतं. चहा घ्यायचा, टायर पाहायचे, कंडक्टरनं घंटी दिली की परत फिरायचं. “मले त्या गावचा फक्त रस्ता माहीत हाय,” असं ते म्हणाले, तेव्हा हा बेत खरं तर त्यांच्यासाठीच आखावा असं मला वाटलं. सासूबाई, नवरा, नववीतली लेक, पाचवीतला मुलगा आणि आम्ही दोघी-तिघांनी रात्रीच बांधून ठेवलेली शिदोरी, अशी गाडी भरली.

निघालो ते आधी दक्षिणेला, मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला. हा माझा हट्ट होता. बुऱ्हाणपूरच्या मशिदी पाहायच्या तर आधी आपल्या जिल्ह्यातली पाहून घ्यावी, म्हणजे डोळा तयार होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी हे गाव आहे. इथली दगडी मशीद खुदावंद खानानं 1582 साली बांधवली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यानं फत्तेखेर्डा म्हणजे साखरखेर्ड्यालाही अशीच एक मशीद उभी केली होती. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम उठून दिसत होतं. मुलानं भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, “एवढ्या छोट्या गावात एवढी भारी मशीद कशाला?”

प्रश्न रास्त होता. रोहिणखेड तेव्हा छोटं नव्हतं. घाटाखालचं हे मोक्याचं ठिकाण, खानदेश आणि वऱ्हाड यांच्या वाटेवरचं. 1437 साली बहमनींचा सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नसीर खानाचा इथेच पराभव केला. हा नसीर खान म्हणजे बुऱ्हाणपूर वसवणारा फारुकी सुलतान. पुढे मशीद बांधून दशकभर होत आलं, तेव्हा त्याच खानदेशचा राजा अली खान बुऱ्हाण निजामशहाच्या बाजूनं इथे लढायला आला. समोर अहमदनगरचा जमाल खान होता. तो या लढाईत मारला गेला. हा राजा अली खान म्हणजे बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधवणारा. ज्या शहरी आम्ही निघालो होतो ते वसवणारा इथे हरला, आणि तिथली मशीद उभारणारा इथे जिंकला. बाबांना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त डोंगराकडून सपाटीकडे जाणारी वाट बराच वेळ पाहत राहिले. वाटा कुठून का जातात हे ड्रायव्हरला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मलकापूरला चहा झाला. मुक्ताईनगरला सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. इच्छापूरला टेकडीवरच्या इच्छादेवीचं देऊळ दिसलं. नवरात्रात आमच्या भागातले किती लोक इथे येतात! पण त्यांतले फार थोडे पुढे बुऱ्हाणपूरचा किल्ला पाहायला जात असतील. तापी ओलांडून शहरात शिरलो तेव्हा बाजार ऐन भरात होता.

जामा मशीद या बाजाराच्या गजबजाटातच उभी आहे. मोठ्या दरवाजातून आत पाऊल टाकलं की आवाज मागे राहतो. समोर विस्तीर्ण फरसबंद अंगण, त्यात वजूचा हौद आणि पलीकडे एका ओळीत पंधरा कमानी. दोन टोकांना दोन उंच मिनार. घुमट मात्र एकही नाही. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. त्या थबकून म्हणाल्या, “मशिदीले घुमट नाही?” पण थोडा वेळ पाहिल्यावर लक्षात येतं, घुमट नसल्यामुळेच नजर वर न जाता आडवी धावते, कमानीमागून कमान ओलांडत जाते. इमारत उंचीनं दडपत नाही. ती रुंदीनं आपल्याला सामावून घेते.

दुपारच्या नमाजाला अजून अवकाश होता. देखभाल करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. नांदुरा म्हटल्यावर “मलकापूर के आगे, हनुमानजी की बडी मूर्ती वाला गाव,” असं ते लगेच म्हणाले. हायवेवरच्या आमच्या 105 फुटी हनुमानानं गावाचं नाव मशिदीपर्यंत आणून पोचवलं होतं. त्यांना मी म्हटलं, लेक शाळेत संस्कृत शिकते, तिला इथला संस्कृत शिलालेख पाहायचा आहे. ते आनंदानं पुढे झाले.

प्रार्थनागृहाच्या उत्तरेकडच्या टोकाला, अरबी लेखासोबत, देवनागरी अक्षरांत संस्कृत लेख आहे. मशिदीच्या भिंतीत कोरलेला. राजा अली खानानं, म्हणजे या लेखातल्या आदिलशाह फारुकीनं, तो मुद्दाम कोरवून घेतला. आरंभी सृष्टिकर्त्याला नमस्कार, मग निराकार ईश्वराचं स्तवन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी काळ: विक्रम संवत 1646, शके 1511. पाठोपाठ तिथी, वार, नक्षत्र. लेक अक्षर अक्षर लावत वाचत होती. काही जोडाक्षरं अडत होती, पण शकाचा आकडा तिनं स्वतः शोधला. वळून म्हणाली, “आई, हे तर लग्नपत्रिकेसारखं आहे. तिथी, वार, सगळं दिलंय!”

ती म्हणाली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. या सुलतानाला फक्त आपल्या दरबाऱ्यांना आणि मौलवींना सांगायचं असतं तर अरबी-फारसी पुरे होती. पण त्याला सांगायचं होतं या नगरीला, इथल्या पंचांग पाहणाऱ्या प्रजेला, तिच्या कालगणनेत. आणि हे एकदाच नाही. असीरगडच्या मशिदीतही त्यानं असाच संस्कृत लेख ठेवला. पुढे 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. अकबराच्या विजयाचा फारसी लेखही बुऱ्हाणपूरच्या याच जामा मशिदीत कोरला गेला. तो मीर मासूम या भक्करच्या कवी-सरदारानं कोरवला. जिंकणाऱ्यानं हरलेल्याचा लेख पुसला नाही. दोन्ही एका छताखाली राहिले. आजच्या काळात मला ही गोष्ट धीर देणारी वाटते, आणि ती माझ्या मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी भिंतीवर पाहिली याचं समाधान आहे.

राजा अली खान मात्र फार जगला नाही. 1597 मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या लढाईत तो मुघलांच्या बाजूनं लढताना पडला. त्या फौजेचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मशिदीतून निघताना नवऱ्यानं एक गोष्ट दाखवली. फरशी पाण्यानं नुकती धुतलेली होती, कुठे कबुतराचं पीससुद्धा नाही. चारशेहून अधिक वर्षं ही इमारत टिकली याचं एक कारण तिचा दगड, आणि दुसरं, मला वाटतं त्याहून मोठं, म्हणजे रोज तिथे येणारी माणसं. ज्या वास्तूत माणसं येत राहतात तिची गळती कुणाला तरी दिसते.

हे शाही किल्ल्यात गेल्यावर जास्तच पटलं. तापीच्या उंच काठावर फारुकींनी बांधलेला आणि मुघलांनी वाढवलेला हा राजवाडा. नदीच्या बाजूनं अजूनही भव्य, पण आत बरंचसं कोसळलेलं. गच्चीवर दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासचे अवशेष. त्यांच्यामधून वारा वाहतो. शाबूत आहे तो हमाम. आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि मग छतावरची रंगीत नक्षी हळूहळू दिसू लागते. फुलं, वेली, भौमितिक आकृत्या. रंग फिके झाले आहेत पण रेषा नाजूक आहेत. शहाजहानच्या काळातलं हे काम मुमताजसाठी केलेलं सांगतात. गरम-थंड पाणी खेळवण्याच्या वाटा अजून दिसतात. मुलगा त्या वाटा शोधण्यात रमला.

मुमताज महल गेली ती याच शहरात, 17 जून 1631 रोजी, चौदाव्या बाळंतपणात. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे येऊन राहिला होता. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शाहजादा शुजाच्या सोबतीनं तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल मुळात इथे तापीकाठीच व्हायचा होता असं बुऱ्हाणपूरकर सांगतात. ती दंतकथा मानून सोडून देता येते, पण तिच्यामागचं या शहराचं दुःख खरं आहे.

त्या गच्चीवर उभी असताना मला दुसरंच आठवत होतं. 1630 ते 1632 ही दख्खनमधल्या भयंकर दुष्काळाची वर्षं. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी 1630 मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेत भुकेनं मेलेल्या माणसांचे ढीग पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. बादशहानं बुऱ्हाणपुरात लंगर उघडले होते. याच दुष्काळानं देहूला तुकोबांचं घर उद्ध्वस्त केलं, त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली. इकडे महालात बादशहाची राणी बाळंतपणात, तिकडे इंद्रायणीकाठी वाण्याची बायको भुकेनं, जवळपास एकाच काळात. एकीसाठी संगमरवर आला. दुसरीचं दुःख अभंगांत मुरलं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी तापीकडे पाहून दोघींसाठी हात जोडले.

बुऱ्हाणपूरच्या इतिहासात मृत्यू फार आहेत. जहांगिराचा मोठा मुलगा खुसरो 1622 मध्ये इथेच संपला. मिर्झा राजा जयसिंग, 1665 मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा तो मातब्बर सेनानी, विजापूरच्या मोहिमेहून परतताना 1667 मध्ये इथेच वारला. पहिला निजाम आसफजाह 1748 मध्ये इथेच गेला. हा तोच निजाम, ज्यानं 1724 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला मुबारिज खानाचा पराभव करून दख्खनवर आपलं राज्य उभारलं. बाबांनी विचारलं, “आन् आपले मराठे कधी आले इथं?” 1681 च्या आरंभी आले, हंबीरराव मोहित्यांबरोबर. संभाजी महाराजांच्या राज्यारोहणानंतरची ती पहिली मोठी मोहीम. शहराला लागून असलेलं श्रीमंत बहादूरपुरा त्यांनी लुटलं. आणि 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांना मिळालं. पुढे ते शिंद्यांकडे राहिलं. 1803 मध्ये इंग्रजांनी ते आणि असीरगड घेतला, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यातच आमच्या वऱ्हाडात आडगावची लढाई झाली.

शिदोरी उघडली ती नदीपलीकडे, आहुखान्यात. हा मुघलांचा हरणांचा रमणा. एक पडका महाल आणि कोरडा हौद. मुमताजची पहिली कबर याच आवारात होती. पुऱ्या, बेसनाच्या वड्या, लोणचं असं जेवण झालं. जागा उदास आहे. देखरेख वाढायला हवी, भिंतींवर नावं खरवडणाऱ्यांना आवर घालायला हवा. याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

तापी आणि मोहना यांच्या संगमावर बोहर्डा गावाजवळ राजाची छत्री आहे, मिर्झा राजाच्या स्मरणार्थ उभारलेली, बत्तीस खांबांची. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरची छत्री आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. तीही मिर्झा राजाच्याच नावानं ओळखली जाते. मुलानं लगेच दोन्हींची तुलना सुरू केली, आणि बाळापूरचीच जास्त चांगली असा निकाल आपल्या जिल्ह्याच्या शेजाराला धरून देऊन टाकला.

आता मघाच्या त्या नावाकडे येते. खानखानान अब्दुर्रहीम म्हणजे ज्याचे दोहे शाळेत हिंदीच्या पुस्तकात असतात तो रहीम. बैराम खानाचा मुलगा, बाबरनाम्याचा फारसी अनुवादक, आणि कितीतरी वर्षं बुऱ्हाणपुरात राहून दख्खन सांभाळणारा सुभेदार. त्याच्या काळात, 1615 मध्ये, इथे जे पाण्याचं काम झालं ते म्हणजे कुंडी भंडारा. त्याचा एक दोहा तर पाण्यावरच आहे आणि मुलांना पाठ आहे. म्हणून तिकडे जाताना दोघंही गाडीत तो म्हणत होती.

वरून पाहिलं तर काहीच नाही. माळावर थोड्या थोड्या अंतरावर गोल कठड्यांची रांग. शंभराहून जास्त कुंड्या आहेत. पण लिफ्टनं खोल खाली उतरलो आणि पायांना थंड, वाहतं पाणी लागलं. कुंडीमागून कुंडी जोडणारा अरुंद बोगदा. चुन्याच्या थरांनी त्याच्या भिंती पांढऱ्या झालेल्या. वरून प्रत्येक कुंडीतून उजेडाचा गोल खाली पडलेला. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीच्या दिशेनं भूगर्भातून झिरपत येतो. ते झिरपणारं पाणी मधेच या बोगद्यात अडवायचं आणि उतारानं शहराकडे न्यायचं. ना मोट, ना पंप. इराणात वाळवंटी मुलखात अशा कनाती खोदत. त्या विद्येचे जाणकार रहीमाच्या पदरी होते. कुंड्या हवेसाठी आणि साफसफाईसाठी. नदीच्या पाण्यात शत्रू विष कालवील ही भीतीही या कामामागे होती, असं सांगतात. शहरासाठी अशा आठ योजना झाल्या. ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि हिच्यात पाणी अजूनही वाहतं आहे. 2024 मध्ये हिचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं.

सासूबाईंनी ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि म्हणाल्या, “काय गोड पाणी हाय व माय!” ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना माझा गळा दाटला. त्यांचं माहेर पूर्णाकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं पाणी लांबच्या गावाहून बैलगाडीवर ड्रम ठेवून आणावं लागे, आणि पाहुणा आला की आधी घरातला रांजण पाहिला जाई. तरुणपणी किडनीच्या आजारानं त्यांचा धाकटा भाऊ गेला. गावातले लोक सांगत, हे पाण्यानं झालं. पूर्णेच्या दोन्ही तीरांनी बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. त्याच्या एका बाजूला सातपुडा. तोच सातपुडा, ज्याच्या पावसावर बुऱ्हाणपूर चारशे वर्षं गोड पाणी पितं आहे.

भूगर्भ वेगळा आहे, हे मला माहीत आहे. पूर्णेच्या गाळाच्या मातीत जे खारेपण आहे ते तापीकाठी नाही, म्हणून कुंडी भंडाऱ्याची नक्कल आमच्याकडे जशीच्या तशी करता येणार नाही. पण पाऊस पडतो तिथेच, डोंगराच्या पायथ्याशी, मुरवून ठेवायचा आणि मग खाली आणायचा, ही दृष्टी आमच्या भागालाही हवी आहे. शेततळी, पायथ्याचे बंधारे, घरांच्या छपरांचं पाणी हे सगळं थोडंफार होतं आहे, पण रहीमानं ज्या जिद्दीनं एका शहरासाठी केलं त्या जिद्दीनं होत नाही. मी पाण्यात उभी राहून हे मोठ्यानं बोलले. बाबा म्हणाले, “ग्रामसभेत बोल.” मी बोलणार आहे.

मावा जिलेबी आणि दराबा बांधून घेतला तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंदा-बर्फीची सवय असलेल्या आम्हाला ती काळसर, खव्याची जाड जिलेबी नवी होती. मुलानं गाडीतच अर्धी संपवली. खरबूज महाल राहिला, बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी राहिला, गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना 1708 मध्ये जिथे थांबले तो गुरुद्वारा राहिला. आणि असीरगड तर राहिलाच. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचा तो किल्ला पायथ्यापासून पाहायला सकाळचा पूर्ण वेळ हवा. लेकीनं इच्छापूर यायच्या आत ठरवून टाकलं की पुढच्या सुट्टीत आधी साखरखेर्ड्याची मशीद, मग असीरगड. तिथला संस्कृत लेख ती अडखळल्याशिवाय वाचणार आहे. बाबांनी तिला विचारलं, असीरगडाकडे वर गाडी कुठपर्यंत जाते, आणि तिनं ते शोधायला फोन हातात घेतला.